एका हिमायतनगरातून दुसऱ्या हिमायतनगरात

हैदराबादच्या नकाशात हिमायतनगर हे काही प्रेक्षणीय स्थळ म्हणून गणले जात नाही. चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय पाहून थकलेल्या पाहुण्यांना आम्ही येथे आणतो, ते आमचे बिऱ्हाड येथे आहे म्हणूनच. लिबर्टीच्या चौकातून नारायणगुड्याच्या दिशेने जाणारा एक गजबजलेला रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांची रांग, आतल्या गल्ल्यांतून जुन्या बंगल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिका, तिरुमल तिरुपती देवस्थानाचे बालाजी मंदिर आणि उर्दूच्या चाहत्यांना परिचित असलेला उर्दू हॉल, एवढाच काय तो ऐवज. ज्या लिबर्टी चित्रपटगृहावरून चौकाला नाव पडले, ते कधीच काळाच्या उदरात गडप झाले; नाव मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी टिकून आहे.

या वस्तीस नाव मिळाले ते सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह, यांच्यावरून. शहराबाहेरील हिमायतसागर जलाशयही त्यांच्याच नावाचा. 'हिमायत' या शब्दाचा अर्थ पाठराखण. इतकी वर्षे या वस्तीत राहूनही त्या अर्थाकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. ते गेले २०२५ च्या अनंत चतुर्दशीला. त्याची ही हकीकत.

वर्षातून एक दिवस आमचे हे हिमायतनगर सगळ्या शहराचे संगमस्थान होते. बालापूरहून निघणारी गणेशविसर्जनाची मुख्य मिरवणूक चारमिनार, अफझलगंज, मोअज्जमजाही मार्केट, आबिड्स व बशीरबाग करीत लिबर्टीच्या चौकात येते. पूर्वेकडील अंबरपेठ-बरकतपुऱ्याच्या मूर्ती नारायणगुड्यावरून आमच्या रस्त्याने त्याच चौकात उतरतात. पुढे दोन्ही प्रवाह एक होऊन आंबेडकर पुतळ्यावरून हुसेनसागराकडे जातात. शालीबंड्याच्या भारत गुणवर्धक संस्थेची स्थापना १८९५ ची. खैरताबादचा गणपती १९५४ साली अवघ्या एका फुटाचा बसला होता आणि २०२४ साली तो सत्तर फुटांचा झाला. उत्सव कसा वाढत गेला हे यावरून वाचकांनी ताडावे. मूर्ती वाढली तसा मिरवणुकीचा आवाजही वाढला, आणि आमच्या गोष्टीचा आरंभ त्या आवाजापासून होतो.

आमच्या गल्लीतील मंडळाचे आम्ही सल्लागार आहोत. शाळेत मुख्याध्यापक आणि गल्लीत सल्लागार, यांपैकी पहिल्या पदाचे थोडेफार ऐकले जाते. २०२५ च्या श्रावणात बैठक भरली असता तरुण मंडळींनी प्रस्ताव मांडला की, यंदा विसर्जनाला महाराष्ट्रातून बँजो पार्टी आणावी. आम्ही कडाडून विरोध केला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचे कलम न् कलम वाचून दाखविले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास बंदी, निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबाद पोलिसांनी धार्मिक मिरवणुकांतील डीजेवर बंदीचा आदेश काढला, त्याचेही स्मरण दिले. "आपल्या वाडवडिलांनी मेळे काढले, भजने म्हटली. हा विजेवरचा गोंगाट आपली संस्कृती नव्हे," असा समारोपही केला.

एका मुलाने नम्रपणे विचारले, "सर, तुम्ही बँजो पार्टी कधी जवळून ऐकली आहे का?"

ऐकली नव्हती. अखेर मध्यममार्ग निघाला. पार्टी यावी, परंतु भिंतीएवढे ध्वनिवर्धक न आणता दोन लहान पेट्यांवर वाजवावे, रुग्णालयापाशी ध्वनिवर्धक बंद ठेवावा आणि दहाच्या आत वादन आटोपावे. पाहुण्यांच्या उतरण्याची व्यवस्था कोणाकडे, हा प्रश्न निघताच सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले. आमच्या तळमजल्यावरील खोली रिकामी होती. विरोध करणाऱ्याच्याच गळ्यात ते घोंगडे पडले.

चतुर्दशीच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास एक टेम्पो दारात उभा राहिला. आत नऊ माणसे आणि वाद्ये. वाद्यांना गाद्या व प्लास्टिकचे आच्छादन. माणसांना काहीच नाही. वाटेत पाऊस लागला होता. माणसे ओलीचिंब आणि वाद्ये कोरडी, हे पाहून आमच्या सौभाग्यवतीने प्रथम पंचे बाहेर काढले आणि मग पिठले-भात वाढावयास घेतला. पार्टीचा म्होरक्या चाळिशीचा, बोलण्यात मवाळ. आम्ही विचारले, "आपण कोठून आलात?"

"हिमायतनगरहून."

"हे हिमायतनगर झाले. आपले गाव कोणते?"

"आमी बी हिमायतनगरचेच हाव, सर," तो हसून म्हणाला, "नांदेड जिल्ह्यातलं."

आम्ही मराठीचे शिक्षक. पण हे गाव आमच्या ध्यानी नसावे याची लाज वाटली. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे तालुक्याचे ठिकाण. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर भोकरच्या पुढचे स्थानक. गावाचे जुने नाव वाढोणा. श्रीपरमेश्वराच्या मंदिरामुळे ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तोवर ही दोन्ही हिमायतनगरे एकाच हैदराबाद राज्यात होती. आमच्यासारखी कुटुंबे इकडे राहिली, त्यांची तिकडे. मधल्या सीमेवरून भोकर, धर्माबाद व निजामाबाद करीत हा टेम्पो वर्षातून दोन-तीनदा ये-जा करतो. आषाढातील बोनालूला एकदा, गणपतीला एकदा, आणि जमल्यास दसऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी म्होरक्याने आपले वाद्य सतरंजीवर ठेवले. बँजो म्हटल्यावर अमेरिकेतील गोल तोंडाचे वाद्य डोळ्यांसमोर येते. त्याच्याशी याचे नात्यापेक्षा नावच जवळचे. लाकडाची एक लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टंकयंत्रासारख्या कळांची रांग. डाव्या हाताने कळ दाबावयाची व उजव्या हातातील नखीने तार छेडावयाची. जपानमधील नागोया शहरी मोरिता गोरो नावाच्या गृहस्थाने १९१२ साली हे वाद्य तयार केले. त्या वर्षी तेथे ताइशो युग सुरू झाले, म्हणून त्याचे नाव 'ताइशोगोतो'. ते हिंदुस्थानात आले तेव्हा उत्तरेत 'बुलबुल तरंग' झाले आणि महाराष्ट्रात 'बँजो'. मूळचे हे दिवाणखान्यातील नाजूक वाद्य. आपल्या लोकांनी त्याच्या पोटात विजेचे ध्वनिग्राहक बसविले, तार ध्वनिवर्धकाला जोडली आणि त्याला थेट रस्त्यावर आणले. त्याच्या जोडीला विजेवरचा कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. जपानच्याच रोलँड कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेल्या ऑक्टोपॅडवर रबराचे आठ चौकोन असतात. काठीचा आघात ज्या चौकोनावर पडेल त्याप्रमाणे हलगी, संबळ, ढोल असे वेगवेगळे नाद निघतात. आमच्या शहरात मारफ्याच्या व तीनमारच्या ठेक्यावर नाचणाऱ्या पोरांसाठी जे 'पॅड बँड' निघाले आहेत, त्यांचाही जीव याच आठ चौकोनांत आहे.

"आणि वीज गेली तर?" आम्ही विचारले.

"तर आमी गेलो, सर," म्होरक्या म्हणाला. "ढोलवाला वाजवतो. आमी उभं राहतो."

यंत्रावर वाजविलेले संगीत हे संगीत नव्हे, असे म्हणणाऱ्यांत आम्ही अगदी परवापर्यंत होतो. जर्मनीतील डुसेलडॉर्फ शहरी १९७० साली 'क्राफ्टवेर्क' नावाचा वाद्यवृंद निघाला आणि विद्युत्-यंत्रांवर वाजविलेल्या त्याच्या गाण्यांनी जगभरच्या तरुणांना वेड लावले, हे आमचा भाचा सांगे आणि आम्ही कानांआड करीत असू. त्यानेच आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईचे चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील वादक. लग्नसमारंभांतही ते आपल्या वाद्यवृंदासह वाजवीत. त्यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर बसविले. ध्वनिमुद्रिका निघाली आणि विसरली गेली. २०१० साली ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे जाणकारांच्या लक्षात आले की, पाश्चात्त्य नृत्यसंगीतात पुढे ज्या तऱ्हेचा बोलबाला झाला तिच्याशी हे काम किती जवळचे होते. सत्तरी ओलांडलेल्या या वादकाला मग युरोपातून कार्यक्रमांची आमंत्रणे आली. २०१५ साली ते वारले. मिरवणुकीत किंवा मांडवात वाजविणाऱ्याकडे आपण कान देतो, लक्ष देत नाही, हाच याचा बोध.

म्होरक्याने टेम्पोतून एक सुरळी आणली. ते 'कालनिर्णय' होते. आपण त्यावर दुधाचा हिशेब व गॅसच्या टाकीची तारीख लिहितो. त्याने त्यावर संपूर्ण वर्षाचे दौरे लाल शाईने लिहिले होते. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, मधल्या लग्नतिथी, आषाढात हैदराबाद, मग गोकुळाष्टमी, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र. पितृपक्षाचा पंधरवडा कोरा. "त्या दिवसांत कुनी बोलवत नाही. तारा बदलतो, डाग देतो, झोपतो." तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा वराती. पुढील सालचे पंचांग अजून छापून यावयाचे होते. म्हणून आगामी सुपाऱ्या डिसेंबरच्या पानाच्या कडेला बारीक अक्षरांत टिपलेल्या. फक्त एका ठिकाणी गावाचे नाव नव्हते. महाशिवरात्रीच्या सुमारास नुसते 'घर' असे लिहिले होते. त्या दिवसांत श्रीपरमेश्वराची यात्रा असते. तेथे ही मंडळी वाजवितात आणि पैसा घेत नाहीत.

ते पंचांग पाहताना आमच्या मनात आले की, ज्या ज्या तिथीस आपल्या पानावर पुरणपोळी असते, त्या त्या तिथीस या नऊ घरांत पंक्तीला एक माणूस कमी असतो. म्होरक्याच्या धाकट्या मुलीने बापासोबत गणपतीची आरती अद्याप केलेली नाही. ती सात वर्षांची आहे.

वस्तुतः हे जीवन मराठी मुलखास नवीन नाही. १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी आपल्या बिऱ्हाडासह गावोगाव हिंडत असे. तमाशाचे फड आजही नारायणगावी राहुट्या टाकतात. गावोगावचे पुढारी तेथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात आणि तेथेच फडाचे पुढील दौरे ठरतात. आमच्या बालपणी गणेशोत्सवात पडदा लावून ऑर्केस्ट्रा होई, तेव्हा गायकाच्या मागे कोपऱ्यात बसलेला कीबोर्डवाला कोण, तो रात्री जेवला की नाही, हे आमच्या मनातही आले नव्हते. ज्यांना आम्ही बैठकीत 'आपली संस्कृती' म्हणून संबोधिले, त्या सर्वांच्या पायांना हीच चाके होती.

नऊ जणांत एक मुलगा होता, सतरा वर्षांचा. ऑक्टोपॅड तो वाजवी. म्होरक्याचा भाचा. रिकामा असला म्हणजे गुडघ्यावर बोटे चालवी. मुख्याध्यापकाची खोड, आम्ही विचारले, "कितवीत आहेस?"

तो मामाकडे पाहू लागला. मामा चहाच्या कपात पाहू लागला. नववीनंतर शाळा सुटली होती. भाद्रपदात दहा दिवस, नवरात्रात नऊ, लग्नसराईत तर मोजदादच नाही. हजेरीपटावर गैरहजेरी साठत गेली आणि एके दिवशी मुलाने जाणेच सोडले.

असा मुलगा आम्हांला नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी आमच्याच वर्गातून असा एक ढोल वाजविणारा मुलगा सणासुदीला गैरहजर राही. आम्ही त्यास सर्वांदेखत विचारले होते, "शिकावयाचे आहे की वाजवावयाचे?" त्याने काहीच उत्तर दिले नाही आणि दिवाळीनंतर तो परत आला नाही. तो प्रश्नच चुकीचा होता, हे आम्हांला आमच्या तळमजल्यावरील खोलीत, त्या मुलाच्या गुडघ्यावर चालणाऱ्या बोटांकडे पाहताना उमगले.

म्हणून या वेळी प्रश्न बदलला. "दहावीला बाहेरून बसतोस का?" महाराष्ट्राच्या मंडळात शाळा सुटलेल्या मुलांसाठी सतरा नंबरचा अर्ज असतो, शाळा सोडल्याचा दाखला जोडून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. नेहमीची मुदत टळली तरी विलंबशुल्क भरून काही काळ अर्ज घेतात. आम्ही कागदावर सारे लिहून दिले. मुलाने तो कागद दोनदा वाचला.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, खरं सांगू का? परीक्षा कधी असती?"

"अलीकडे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते."

"म्हंजे शिवजयंतीलाच. वर्षातली मोठी सुपारी. ऑक्टोपॅड नसल तर पार्टी कोन घेनार? आठ घरं हायेत याच्या मागं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो केवळ हिशेब सांगत होता, आणि तो हिशेब खोडून काढण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "तुमच्या पंचांगावर निदान लिहून तरी ठेवू." त्याने सुरळी उलगडली आणि पेन पुढे केले. "तुमीच लिवा." डिसेंबरच्या पानाच्या कडेला, शिवजयंतीच्या सुपारीखाली, आम्ही आमच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिले : दहावी.

दुपारी मिरवणूक निघाली. दोन पेट्यांतून निघणारा बँजोचा तो चिरका, लाडिक स्वर, खाली ऑक्टोपॅडचा ठेका आणि ढोलाची साथ. सांगावयास संकोच वाटतो, पण गल्लीच्या तोंडाशी येईतो आमचा उजवा पाय आपोआप ताल धरू लागला होता, आणि ज्याने बैठकीत आम्हांस प्रश्न विचारला होता त्याने ते पाहिले. नारायणगुड्याकडून आलेल्या मूर्तींच्या मागे आम्ही लिबर्टीकडे सरकू लागलो.

वाटेत रुग्णालयाची पाटी दिसताच मंडळाच्या मुलाने हात वर केला. म्होरक्याने लगेच ध्वनिवर्धक बंद केला. ढोल थांबला. मुलाने काठ्या काखेत धरल्या. लोक चालत होते, पावलांचा आवाज येत होता. आम्ही म्होरक्याच्या अगदी जवळ होतो म्हणूनच आम्हांला ऐकू आले. त्याची बोटे थांबली नव्हती. वीज नसलेल्या त्या पेटीतून एखाद्या लहान मुलाच्या खेळण्यासारखा बारीक, किणकिणता स्वर निघत होता. गाणे मध्येच तुटू नये म्हणून तो ते तसेच पुढे नेत होता, कोणासाठीही नाही. शंभर पावले तो असा वाजवीत चालला. नागोयाच्या दिवाणखान्यात हे वाद्य असेच वाजत असेल. हद्द ओलांडताच कळ दाबली गेली आणि स्वर जेथे होता तेथूनच सगळ्या रस्त्याला ऐकू येऊ लागला.

ठरल्याप्रमाणे दहाच्या आत सारे शांत झाले. उरलेली बिदागी नेहमी विसर्जनानंतर पहाटे दिली जाते आणि त्या वेळी घेणाऱ्याच्या अंगात मागण्याचे त्राण नसते, हे आम्हांला सकाळी कळले होते. म्हणून मंडळाकडून ती आम्ही मिरवणूक निघण्यापूर्वीच देवविली. सल्लागारपदाचा आमच्या हातून झालेला हा पहिलाच उपयोग. मध्यरात्री टेम्पो निघाला. दुसऱ्या दिवशी पितृपक्षाची पौर्णिमा लागत होती. त्यांच्या पंचांगातील कोरे दिवस सुरू होणार होते.

कार्तिकात एके सायंकाळी दूरध्वनी आला. "सर, अर्ज भरला. मामांनीच लेट फी भरली."

"आणि शिवजयंती?"

"सुपारी घेतलीया, सर. पुस्तक टेम्पोत नेतो. मामा म्हनले, रात्री वाजवून पहाटे परीक्षेच्या गावाला सोडतो." थोडे थांबून तो म्हणाला, "मराठीत निबंध कशावर येतो, सर?"

आम्ही त्यास एकामागून एक विषय सांगत गेलो. पलीकडून पेनाचा आवाज येत नव्हता. बोटांचा येत होता. तो गुडघ्यावर ताल धरून ऐकत असावा. अर्ध्यावर आम्ही थांबलो आणि म्हटले, "तुला ज्याची माहिती आहे, त्यावर लिही. प्रवासावर लिही. एका हिमायतनगरातून दुसऱ्या हिमायतनगरात."

तळमजल्यावरील ती खोली आम्ही भाड्याने दिलेली नाही. पुढील भाद्रपदासाठी ती राखून ठेवली आहे.